दोनशे फुटांचा हिशेब

ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये रंगांना अर्थ असतो. निळी मूठ ओढली की पंखांवर एअरब्रेकच्या फळ्या उभ्या राहतात. हिरवी ट्रिमची, म्हणजे विमानाच्या नाकाचा कल ठरवून ठेवण्याची. लाल मूठ डोक्यावरचं पारदर्शक झाकण, म्हणजे कॅनॉपी, उडवून द्यायला. आणि पिवळी? पिवळी मूठ दोर सोडण्याची. आधुनिक ग्लायडर जर्मन असो की पोलिश, ही मूठ पिवळीच असते. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटभरात वैमानिकाचा उजवा हात स्टिकवर आणि डावा या पिवळ्या मुठीजवळ असतो. धरून ठेवलेला नव्हे, नुसता जवळ. हादरा बसून चुकून ओढली जाऊ नये, पण ओढायची वेळ आलीच तर शोधावीही लागू नये, एवढ्या अंतरावर.

साध्या ग्लायडरला इंजिन नसतं. त्यामुळे त्याचं इंजिन बंद पडण्याचा प्रश्नच येत नाही, असं कुणालाही वाटेल. पण वर जायला त्याला दुसऱ्याचं इंजिन लागतं. ते जमिनीवरच्या विंचवर, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या यंत्रावर, बसवलेलं असतं किंवा पुढे उडणाऱ्या विमानात. म्हणजे या खेळातला सगळ्यात अवघड क्षण आपल्या हातात नसलेल्या इंजिनवर अवलंबून असतो. ते इंजिन जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर खोकायला लागलं, तर दोराच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांनी काय करायचं, याचा जगभरच्या ग्लायडिंग क्लबांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. तो विचार फक्त ग्लायडरपुरता नाही. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तर तो जास्तच जवळचा वाटावा, कारण धावपट्टी संपल्यावर पुढे काय आहे या प्रश्नाची किंमत या शहराने १९९३ साली मोजली आहे.

आधी दोराची गोष्ट.

जुन्या लोकांनी विहिरीवरची मोट पाहिलेली असते. बैल ज्या उतारावरून चालत त्याला ‘धाव’ म्हणत, आणि मोट ओढणाऱ्या दोराला ‘नाडा’. भरल्या मोटेचा नाडा तुटला तर मोट विहिरीत जायची आणि ओढ एकदम सुटल्याने बैल धावेवर तोंडावर पडायचे. नुकसान दोन्ही टोकांचं. ग्लायडरला हवेत ओढून नेणं, ज्याला एअरोटो म्हणतात, त्यातही हेच असतं. पुढे एक छोटं, दणकट विमान असतं, त्याला ‘टग’ म्हणतात. मागे साधारण पन्नास-साठ मीटरचा दोर आणि त्याच्या टोकाला ग्लायडर. दोराला मुद्दाम एक कमकुवत कडी लावलेली असते. ताण प्रमाणाबाहेर गेला तर आधी ती तुटावी आणि विमानाचं शेपूट किंवा ग्लायडरचं नाक शाबूत राहावं, हा हेतू. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखंच हे काम.

टग म्हणून जगभर वापरलं गेलेलं एक विमान आहे पायपर पॉनी. ते मुळात पिकांवर औषध फवारण्यासाठी बनवलेलं. शेतातून उठायचं, शेतात उतरायचं, ओझं वाहायचं, यासाठी ते चांगलं होतं. फवारणीचं काम कमी झालं तसं ते ग्लायडर ओढायला लागलं. नांगराच्या बैलाने गाडी ओढावी तसं. पण हे काम इंजिनाच्या जिवावर येतं. दर खेपेला पूर्ण ताकद लावून, कमी वेगात, नाक वर करून चढायचं. वेग कमी म्हणजे इंजिनाला वारा कमी, म्हणून ते तापतं. दोन-अडीच हजार फुटांवर ग्लायडर सुटलं की टग लगबगीने खाली येतं, कारण खाली पुढचा ग्राहक थांबलेला असतो. तापलेल्या सिलिंडरवर थंड हवेचा झोत बसतो. दिवसात अशा वीसेक खेपा. म्हणून शहाणे टग-पायलट उतरताना इंजिनाची ताकद एकदम काढून घेत नाहीत, हळूहळू कमी करतात. घाई करणाऱ्यांच्या सिलिंडरला पुढे तडे जातात. शिवाय वजन कमी राहावं म्हणून टाकीत इंधन बेताचं ठेवलेलं असतं, आणि खेपा मोजायच्या नादात त्या बेताचा अंदाज चुकू शकतो. इंजिन बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा अशी साधी असतात. इंधन संपलं, इंधनात पाणी गेलं, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला.

आता तो क्षण.

टग आणि ग्लायडर दोनशे फुटांवर आहेत. दोनशे फूट म्हणजे वीसमजली इमारतीची उंची. टगचं इंजिन बंद पडतं. पहिली गोष्ट घडते ती दोराला. तो सैल पडतो, कारण ओढणारा मंदावला आणि मागचा त्याच वेगाने येतोच आहे. ग्लायडरच्या पायलटला समोरचं विमान अचानक मोठं दिसू लागतं. त्याने पिवळी मूठ ओढायची, टगपासून बाजूला व्हायचं आणि मग आपला विचार करायचा. त्याला काही कळायच्या आत टगच्या पायलटने आपल्याकडची कळ ओढलेली असू शकते. दोराच्या दोन्ही टोकांना सुटका असते, आणि टगच्या पायलटला मागच्याला न विचारता सोडून देण्याचा पूर्ण अधिकार असतो. यात उद्धटपणा काही नाही. बंद इंजिनाच्या विमानाला मागून काही क्षण जरी ओढ बसली तरी त्याचा वेग इतका पडतो की पंखांना हवा धरवत नाही. तसं झालं की विमान उडत नाही, नुसतं खाली येतं. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात.

यानंतरचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. आजकालचं चांगलं दोन आसनी ग्लायडर एक फूट खाली येताना चौतीस फूट पुढे जातं. म्हणजे दोनशे फुटांवरून, वारा नसेल तर, जवळजवळ दोन किलोमीटर. त्याच्याकडे सव्वा मिनिटाचा वेळ असतो. इंजिन बंद पडलेलं टग एका फुटाला आठेक फूट जातं. म्हणजे सोळाशे फूट, अर्धा किलोमीटरही नीट भरत नाही. आणि वेळ? पंधरा-सोळा सेकंद. त्यातले दोन-तीन ‘हे खरंच घडतंय का’ यात जातात. थोडक्यात, संकटात ज्याला इंजिन नव्हतंच तो निवांत असतो आणि ज्याचं इंजिन होतं तो अडचणीत. म्हणूनच नियम सांगतो की टगला मोकळं करा, त्याच्यासमोरची जागा त्याला राहू द्या. धावपट्टीवर धावतानाच ताकद गेली तर अमेरिकी पद्धतीत टगने डावीकडे व्हायचं आणि ग्लायडरने दोर सोडून उजवीकडे जायचं. मागचा पुढच्यावर जाऊन आदळू नये, एवढ्यासाठी.

दोनशे हा आकडाही उगाच आलेला नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या ग्लायडर पुस्तिकेतला ढोबळ नियम असा, की दोनशे फुटांच्या खाली दोर सुटला तर सरळ समोर उतरा. दोनशेच्या वर असाल आणि वारा, जागा, ग्लायडर अनुकूल असेल तर वळून धावपट्टीवर परत येण्याचा विचार करता येतो. ग्लायडरसाठी हे शक्य असतं. पंचेचाळीस अंश कलून अर्धं वर्तुळ घ्यायला चांगल्या हाताला पन्नास-साठ फूट खर्च येतात. पण हे वळण जीवघेणंही ठरतं. पंचेचाळीस अंश कललं की स्टॉलचा वेग सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढतो, साठ अंशांवर एक्केचाळीस टक्क्यांनी. जो वेग सरळ उडताना पुरेसा होता तोच वळणात अपुरा पडतो. त्यात जमीन जवळ असते. माणूस भीतीने नाक वर ओढतो, वळण आवरत नाही म्हणून शेपटीवरच्या रडरचं पेडल दाबतो, आणि आतला पंख आधी साथ सोडतो. तिथून सावरायला उंची नसते. परत धावपट्टीकडे जाण्याची ओढ घराकडे जाण्यासारखी असते. तिने इंजिनवाल्या आणि बिनइंजिनाच्या अशा दोन्ही विमानांतली पुष्कळ माणसं मारली आहेत. समोरच्या शेतात आडवंतिडवं उतरून चाकं मोडलेली बरी, असं वैमानिक शिकतो. ते करणं मात्र मनाला अवघड जातं.

हवेत या दोघांना एकमेकांशी बोलायला रेडिओ असतो, पण घाईच्या वेळी बोलायला सवड नसते. म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. टगने पंख डावे-उजवे हलवले तर अर्थ एकच, आत्ताच्या आत्ता सोड. टगने नुसतं शेपूट, म्हणजे शेपटीवरचा रडर, हलवलं तर अर्थ अगदी वेगळा: तुझे एअरब्रेक उघडे राहिलेत, बघ. ग्लायडरला दोर सोडता येत नसेल तर त्याने टगच्या डावीकडे जाऊन पंख हलवायचे. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक चूक वारंवार झालेली आहे. एअरब्रेक नीट बंद न केल्याने ग्लायडर जड झालं, टग चढेना. टगने सभ्यपणे शेपूट हलवून ‘ब्रेक बघ’ असं सांगितलं. ग्लायडरच्या पायलटने ते ‘सोड’ असं वाचलं आणि पिवळी मूठ ओढली. आता तो खाली जमीन, वर उघडे ब्रेक अशा अवस्थेत एकटा. ब्रेक बंद केले असते तर टग चढलं असतं. गडबडीत बहुतेकांना तेवढंच आठवत नाही.

याच्या उलट, मागच्याने पुढच्याला मारण्याचाही प्रकार आहे. ग्लायडर टगपेक्षा जास्त वर चढलं तर दोर टगचं शेपूट वर खेचतो, नाक खाली दाबलं जातं आणि काही सेकंदांत टग जमिनीकडे तोंड करून निघतं. उंची कमी असेल तर सावरायला जागाच राहत नाही. म्हणून टगच्या पायलटची एक नजर आरशात असते. टगच्या कॉकपिटमधला आरसा ट्रकच्या आरशासारखाच दिसतो आणि तेच काम करतो.

या सगळ्या धोक्यांना तोंड देण्याचं जे शास्त्र तयार झालं, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट एकच अक्षर आहे. ब्रिटिश पद्धतीच्या क्लबांमध्ये उड्डाणापूर्वीची तपासणी अक्षरांच्या साखळीने पाठ केलेली असते. सुकाणू, वजन, पट्टे, उपकरणं, फ्लॅप, ट्रिम, कॅनॉपी, ब्रेक. आणि शेवटचं अक्षर ‘ई’, म्हणजे इव्हेंच्युअॅलिटीज, संभाव्य प्रसंग. त्यात तपासायला काही वस्तू नसते. पायलटने मोठ्याने स्वतःशी बोलायचं असतं: आज वारा डावीकडून आहे, अमुक उंचीखाली दोर तुटला तर सरळ पुढच्या मोकळ्या पट्ट्यात, त्याच्या वर असेल तर वाऱ्याच्या दिशेने वळून परत. एवढं बोलून झाल्याशिवाय तो पंख धरणाऱ्या मदतनीसाला खूण देत नाही. निर्णय आधीच झालेला असतो. वर गेल्यावर फक्त तो अमलात आणायचा. खरं तर हा सगळा लेख त्या एका अक्षराबद्दलच आहे, असंही म्हणता येईल.

ही शिस्त शांततेच्या काळात आली. युद्धात तिची किंमत वेगळ्या रीतीने कळली, आणि तीही भारताच्या भूमीवरून. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाट इथून ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट नावाच्या सैन्याला ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे ‘ब्रॉडवे’ नावाच्या जागी उतरवण्यासाठी अमेरिकन सी-४७ विमानांनी वाको ग्लायडर ओढायला सुरुवात केली. एका विमानामागे दोन-दोन ग्लायडर. ग्लायडर ठरल्यापेक्षा जास्त भरलेले, वाटेत आठ हजार फुटांचे डोंगर, रात्रीची हलती हवा. दोर तुटायला लागले. काही विमानांची इंजिनं चढताना इतकी तापली की त्यांनाच ग्लायडर सोडून द्यावे लागले. निघालेल्या ग्लायडरांपैकी ठरलेल्या जागी पोचले ते निम्म्याच्या आसपास. बाकीचे वाटेत, काही अलीकडे, काही थेट जपान्यांच्या मुलखात. यातली गंमत म्हणावी की काय, पण इतस्ततः पडलेल्या ग्लायडरांमुळे खरा हल्ला नेमका कुठे आहे हे जपान्यांनाही कळेना. त्या रात्रीपासून एका विमानामागे एकच ग्लायडर असं ठरलं. नियम बहुतेक वेळा असेच ठरतात.

महाराष्ट्रात ग्लायडिंग म्हटलं की नाव येतं हडपसरचं. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने पुण्याच्या पूर्वेला हे केंद्र सुरू केलं. इथे ग्लायडर वर नेतात ते प्रामुख्याने विंचने. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये लांबलचक केबल. ग्लायडर एक पंख टेकवून उभं असतं. मदतनीस तो पंख उचलून सपाट धरतो, केबल अडकवतात, खुणेनुसार विंच आधी ढील काढून घेते आणि मग जोरात गुंडाळायला लागते. त्यानंतर जे होतं ते पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारं. ग्लायडर काही मीटर धावून उचलतं आणि नाक जवळपास पंचेचाळीस अंश वर करून चढतं. समोर फक्त आकाश. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजारेक फूट.

विंचची केबल तुटते, विंचचं इंजिन दम सोडतं, हे अगदीच विरळ नाही. आणि तो प्रसंग एअरोटोपेक्षाही तातडीचा, कारण नाक वर आहे आणि ओढ गेली की वेग पटापट संपतो. एक मोठा आवाज होतो, पाठीला लागलेला रेटा नाहीसा होतो. पायलटने त्याच श्वासात स्टिक पुढे ढकलायची. नाक क्षितिजावर आणून थांबायचं नाही, क्षितिजाच्या चांगलं खाली न्यायचं, आणि वेग परत येईपर्यंत थांबायचं. मग पिवळी मूठ ओढून केबलचा उरलेला तुकडा सोडायचा. त्यानंतरच विचार: समोर जागा आहे का, की छोटा फेरा मारून यायचं. शिकणाऱ्यांना एकट्याने उडू देण्याआधी शिक्षक मुद्दाम, न सांगता, मधेच केबल सोडून हे करून घेतात. पहिल्या वेळी शिकाऊ माणूस नाक खाली करतो आणि लगेच वळायला जातो. वेग भरायची वाट पाहणं हाच यातला अवघड धडा.

जाता जाता एक. या देशात ग्लायडर नुसते उडवले गेले नाहीत, तर बनवलेही गेले. दिल्लीत नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात १९५०च्या दशकापासून त्यांची आखणी झाली, आणि नावं दिली गेली नक्षत्रांची: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. अश्विनी १९५८ मध्ये उडालं, दोन आसनांचं लाकडी रोहिणी मे १९६१ मध्ये. रोहिणी, मृग आणि आर्द्रा ही नावं ऐकून इथल्या शेतकऱ्याला पेरणी आठवेल. पिढ्यानपिढ्यांच्या वैमानिकांना मात्र दोर तुटण्याचा पहिला धडा आठवतो.

हडपसरचं केंद्र झालं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. धावपट्टीच्या पुढे काय, तर मोकळी जमीन. आज चारी बाजूंनी पुणे आहे. ग्लायडरच्या पायलटचा ‘ई’ त्यामुळे बदलतो. तीस वर्षांपूर्वी जो ‘सरळ पुढे’ म्हणाला असता, त्याला आज ‘सरळ पुढे कुठे?’ असा प्रश्न पडेल. ही अडचण हडपसरपुरती नाही. ४ ऑक्टोबर २०२० ला कोचीत नौदलाचं इंजिनवालं ग्लायडर सरावासाठी उडालं आणि तोप्पुंपडीच्या पुलाजवळ कोसळलं. दोघे नौसैनिक गेले. २३ मार्च २०२३ ला झारखंडमधल्या धनबादच्या बरवाअड्डा धावपट्टीवरून हौशी फेरीसाठी उडालेलं एक मोटर-ग्लायडर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरच्या घरावर आदळलं. पायलट आणि त्याच्यासोबतचा एक मुलगा गंभीर जखमी झाले. अर्धा किलोमीटर. वर टगचा हिशेब मांडताना आलेलं हेच अंतर.

आता चिकलठाण्याकडे येऊ.

छत्रपती संभाजीनगरचा हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे फुटांवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी इथला पारा चाळिशीला टेकतो. विमानाला उंची फुटांत कळत नाही, हवेच्या दाटपणात कळते. गरम हवा विरळ असते. वैमानिक यासाठी सोपा हिशेब करतात: त्या उंचीला प्रमाणित तापमान जितकं असायला हवं, त्यापेक्षा दर अंश सेल्सिअस जास्तीमागे उंचीत एकशेवीस फूट मिळवा. एकोणीसशे फुटांवर प्रमाणित तापमान अकरा अंशांच्या आसपास. चाळीस म्हणजे एकोणतीस अंश जास्त. बेरीज केली तर येते सुमारे पाच हजार तीनशे-चारशे फूट. कळसूबाई पाच हजार चारशे फुटांचं. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी चिकलठाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर ठेवलेली असते. छोट्या साध्या इंजिनाची ताकद सहाव्या-सातव्या हिश्श्याने घटते, पंखांना उचलायला जास्त वेग लागतो, त्यासाठी जास्त धावावं लागतं आणि उठल्यावर चढ मंद असतो. सकाळी सातला जे टग ग्लायडरला घेऊन धावपट्टीच्या मध्यावर सहज उठेल, तेच दुपारी दोनला टोकापर्यंत घासत जाईल. आणि नेमकी दुपारचीच हवा ग्लायडरवाल्यांना हवी असते, कारण तेव्हाच तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे झोत मिळतात. हौस आणि धोका यांची वेळ एकच.

२६ एप्रिल १९९३ ची ती दुपारच होती. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. ११२ प्रवासी आणि सहा कर्मचारी, विमान भरलेलं. पूर्वेकडे तोंड करून ते धावलं आणि अगदी धावपट्टीच्या टोकाशी उठलं. टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावरून त्या क्षणी एक ट्रक चालला होता, दाबलेल्या कापसाच्या गाठींनी भरलेला. विमानाचं डावं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सात फूट उंचीवर त्या गाठींना धडकला. सात फूट. माणसाच्या डोक्यावर हातभर. त्यातूनही विमान उडतच राहिलं, पण तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारांत सापडून कोसळलं आणि पेटलं. ५५ जण गेले, ६३ वाचले. दोन्ही वैमानिक वाचलेल्यांत होते.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, ही एक. दुसरी, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरच्या वाहतुकीचं नियमन करण्यात त्या वेळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचं अपयश. पहिली गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यात बसते. दुसरी जास्त अस्वस्थ करणारी आहे. दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक किती उंच असतो, हे मराठवाड्यात लहान मुलालाही माहीत असतं. तो ट्रक त्या रस्त्यावरून जाणार, आणि विमान त्यावरून जाणार, हेही रोजचंच. ‘ई’ अक्षर तेव्हा कुणी मोठ्याने उच्चारलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. धावपट्टी आज सुमारे नऊ हजार तीनशे फूट लांब आहे. लांबी हा पहिला उपाय असतो. पलीकडची जमीन मोकळी राखणं हा दुसरा, आणि तो कायम कठीण.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं, तेव्हा पुन्हा तेच दृश्य दिसलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला, जमिनीवरचेही गेले, एकूण २६० मृत्यू. प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा एकापाठोपाठ एक बंद झाला होता. त्याची कारणं वेगळी, विमान वेगळं, उंची वेगळी. जमिनीवर मात्र तेच होतं: माणसं जिथे राहतात, तिथेच विमान पडतं.

ग्लायडरवाल्याला यात एकच फायदा असतो. त्याच्याकडे सव्वा मिनिट आहे आणि तो शेतात उतरू शकतो. मराठवाड्याचं शेत कसं आहे, हे मात्र त्याने वरून ओळखायला हवं. एप्रिलमध्ये नांगरून ठेवलेली काळी जमीन ढेकळांची असते, चाकाला अडते, पण पंख शाबूत ठेवते. ऑगस्टमधली तूर-कपाशी वरून हिरवी गादी दिसते आणि पंख धरून ग्लायडरला गरकन फिरवते. ऊस तर उतरायची जागाच नव्हे. बांध वरून रेघेसारखा दिसतो, उतरल्यावर भिंतीसारखा लागतो. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून तारा शोधायच्या नाहीत, खांब शोधायचे आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहे असं धरून चालायचं. आणि विहिरी. कठडा नसलेली विहीर तीनशे फुटांवरून काळ्या ठिपक्यासारखी दिसते, झाडाच्या सावलीसारखी. शेत निवडताना असे ठिपके आधी मोजायचे.

उंचावर एखाद्या फेरीला जायची संधी मिळाली तर घाबरायचं कारण नाही. ग्लायडरमध्ये बसण्याआधी मात्र पायलटला एक साधा प्रश्न जरूर विचारा: दोर तुटला तर कुठे उतरणार? तो हसला आणि थांबला तर पट्टे बांधू नका. त्याने क्षणाचाही विचार न करता समोरच्या मोकळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं तर निर्धास्त बसा. पिवळ्या मुठीला मात्र हात लावू नका.